हैदराबादचे रहीम मास्तर



फुटबॉलच्या सामन्याची बातमी कानावर येते, तेव्हा गोल कोणी केला हे आपल्याला आवर्जून सांगितले जाते. तो गोल करायला ज्याने शिकवले, त्याचे नाव बातमीच्या शेपटाला आले तर आले. पुष्कळदा येतही नाही. आजच्या या भाषणात मी अशाच एका शिकवणाऱ्याची हकीकत सांगणार आहे. पण त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी थोडे लांबून, म्हणजे थेट हॉलंडहून यावे लागेल. जांब समर्थसारख्या गावात बसून हॉलंडच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. जरा दम धरा. वाट शेवटी आपल्याच मुलखात येते.

हॉलंड म्हणजे नेदरलँड्स. तिथल्या लोकांना आपण डच म्हणतो. आपले पूर्वज त्यांना वलंदेज म्हणत, आणि कोकणात वेंगुर्ल्याला त्यांची जुनी वखार आजही उभी आहे. हा देश केवढा? आपल्या मराठवाड्याचे क्षेत्रफळ सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटर, तर या सबंध देशाचे ४२ हजारांच्याही आत. लोकसंख्या मात्र जवळजवळ आपल्याइतकीच. २०११ च्या शिरगणतीत मराठवाड्याची एक कोटी ८७ लाख भरली होती, तिकडेही साधारण तेवढीच माणसे. एवढ्याशा देशाने विश्वचषकाची अंतिम लढत तीनदा गाठली. १९७४, १९७८ आणि २०१० साली. तिन्ही वेळा ते हरले, ही गोष्ट वेगळी. त्याहूनही नवलाची बाब म्हणजे या देशाचे फुटबॉल प्रशिक्षक जगभर मागवले जातात. आपल्याकडे नाशिकची द्राक्षे जशी परदेशी जातात, तसे यांचे मास्तर जातात म्हणा ना!

मास्तर हा शब्द मी उगीच वापरला नाही. यांतले काही नामवंत खरोखरीच शाळामास्तर होते. रायनस मिशेल्स हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. १९२८ साली ॲम्स्टरडॅममध्ये जन्मले, आयॅक्स क्लबात आघाडीला खेळले, आणि खेळणे थांबल्यावर मूकबधिर मुलांच्या शाळेत व्यायाम शिकवू लागले. लुई व्हान खाल यांनीही पुढे जगप्रसिद्ध होण्याआधी कित्येक वर्षे शाळेत व्यायामाचे तास घेतले. खूस हिडिंक हे तिसरे. ज्या मुलांना शिकायला अडचण येते अशा मुलांच्या शाळेत ते शिक्षक होते. याच हिडिंक यांनी २००२ साली दक्षिण कोरियाला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत नेऊन दाखवले. कोरिया हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जो माणूस ऐकू न येणाऱ्या मुलांना कसरत शिकवतो, त्याला ओरडून काही उपयोग नसतो. करून दाखवावे लागते, जागेवर उभे करून समजवावे लागते. मिशेल्स यांच्या शिकवण्यात ही सवय किती उतरली असेल याचा निवाडा मी करीत नाही, पण मला तरी हा धागा महत्त्वाचा वाटतो. १९६५ च्या जानेवारीत त्यांनी आयॅक्सचा कारभार हाती घेतला, तेव्हा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जाण्याच्या बेतात होता. पुढच्याच हंगामात तो देशात पहिला आला, आणि १९७१ साली युरोपचा चषक जिंकला. १९७४ साली हॉलंडचा राष्ट्रीय संघ त्यांनी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेला, १९८८ साली युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिले, आणि १९९९ साली जागतिक फुटबॉल संघटनेने त्यांना शतकातला सर्वश्रेष्ठ प्रशिक्षक ठरवले. २००५ साली ते वारले.

त्यांनी नवे काय केले? पूर्वी फुटबॉलच्या संघात गावच्या बलुत्यासारखी कामाची वाटणी असे. बचाव करणाऱ्याने बचाव करावा, आघाडीच्याने गोल मारावा. सुताराने नांगर, कुंभाराने मडके. मिशेल्स यांनी ही बलुतेदारी मोडली. मागचा गडी पुढे धावला तर मधल्याने त्याची जागा सांभाळायची, पुढच्याने खाली यायचे. प्रत्येकाला प्रत्येकाचे काम यायला हवे. बोलायला सोपे, पण अकरा जणांच्या अंगी बाणवायला फार अवघड.

१९८८ च्या त्या विजयी डच चमूत विम कूव्हरमान्स नावाचा बचावपटू राखीव होता. प्रत्यक्ष मैदानात उतरण्याची पाळी त्याच्यावर आली नाही. हेच कूव्हरमान्स २०१२ साली भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्याच वर्षी दिल्लीत कॅमेरूनला पेनल्टीवर हरवून आपण नेहरू चषक जिंकला. पुढच्या वर्षी मात्र काठमांडूला दक्षिण आशियाच्या स्पर्धेत अफगाणिस्तानने अंतिम सामन्यात आपल्याला दोन गोलांनी हरवले, आणि नंतर काही मनासारखे घडले नाही. २०१५ च्या सुरुवातीला त्यांच्या जागी दुसरे प्रशिक्षक आले. चांगला मास्तर बाहेरून आणला म्हणजे काम झाले, असे होत नाही. वरच्या वर्गाला गुरुजी उत्तम मिळाले तरी खालच्या वर्गात बाराखडी कच्ची राहिली असेल तर ते बिचारे काय करणार?

आता आपल्या मुलखाकडे येऊ. बाहेरून कोणाला आणण्याच्या कितीतरी आधी भारताला असा एक मास्तर मिळाला होता, आणि तोही शाळामास्तरच. ते हैदराबादचे. हैदराबाद म्हणजे परका मुलूख, असे आज वाटते. पण १९५६ पर्यंत जांब समर्थ, अंबड, जालना, परभणी, बीड हा सगळा प्रदेश हैदराबाद राज्यातच मोडत होता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यांवर, जमिनीच्या कागदांवर त्याच राज्याचा शिक्का आहे. त्या अर्थाने सय्यद अब्दुल रहीम हे आपल्याच जुन्या राज्यातले गुरुजी ठरतात.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठातून ते पदवीधर झाले. कॉलेजात असतानाच फुटबॉल खेळत, पुढे शहरातल्या कमर क्लबातर्फे खेळले. खेळाडू म्हणून ते बरे होते. फार मोठे नव्हते. पोटापाण्यासाठी त्यांनी शिक्षकी पत्करली. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा शाळांमधून शिकवले. मध्यंतरी त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळेच्या खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. चाळीसच्या दशकात हैदराबाद फुटबॉल संघटनेचे ते चिटणीस झाले, आणि १९५० पासून हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाला शिकवू लागले. हे काम अखेरपर्यंत सुटले नाही. म्हणजे शाळा एकीकडे, संघटनेचे कागदपत्र दुसरीकडे आणि पोलिसांचे मैदान तिसरीकडे. आपल्या शिक्षकबंधूंना जनगणना, मतदार याद्या आणि शाळा यांची जी त्रेधा ठाऊक आहे, तिची यावरून आठवण होईल.

त्यांची शिकवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. त्या काळी आपल्याकडे ज्याला चेंडू पायाशी घोळवत चार-पाच जणांना चकवता येई, तो मोठा खेळाडू. लोक टाळ्याही त्यालाच देत. रहीमसाहेबांना ते मान्य नव्हते. चेंडू माणसापेक्षा जोरात धावतो, मग माणसाने त्याला पायाशी धरून का ठेवावे? त्यांनी हैदराबादेत पोरांसाठी अशा स्पर्धाच भरवल्या, की ज्यात चेंडू घोळवायला बंदी. चेंडू आला की थांबवायचा आणि लगेच सोबत्याकडे जमिनीसरसा द्यायचा.

हे तत्त्व आपल्या मुलांना नवे नाही, हे मी मुद्दाम सांगतो. खो-खोत काय होते? पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, बसलेल्यांच्या मधून घुसता येत नाही. तो एकटा कितीही चपळ असला तरी पळणारा त्याला झुलवतो. पण वेळेवर, योग्य जागी बसलेल्या गड्याला खो दिला की पळणाऱ्याची तारांबळ उडते. पाठलागाचा वेग एकाच्या पायांत नसतो, खो देण्यात असतो. रहीमसाहेबांचा पास म्हणजे फुटबॉलमधला खोच. फरक एवढाच, की खो-खोत गडी जागेवर बसलेला असतो आणि फुटबॉलमध्ये त्याने आधीच धावून मोकळ्या जागी जायचे असते.

दुसरी युक्ती त्याहून मजेची. बहुतेक माणसांचा उजवा पाय चालतो, डावा नुसता आधाराला. रहीमसाहेबांनी दुबळ्या पायाच्या स्पर्धा काढल्या. ज्याचा जो पाय कच्चा, त्यानेच चेंडू मारायचा. सुरुवातीला मुले धडपडतात, बघणारे हसतात; पण काही आठवड्यांत तो पायही बोलू लागतो. विरोधकाला मग हा गडी कोणत्या बाजूने मारील याचा अंदाज येत नाही.

अशा तालमीतून हैदराबाद पोलिसांचा संघ तयार झाला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने होत. १८९१ साली सुरू झालेली ही जुनी स्पर्धा. आज ती बंद पडली आहे. हैदराबाद पोलिसांनी १९५० साली हा चषक जिंकला. १९५१ साली पुन्हा जिंकला. मग १९५२, १९५३, १९५४. ओळीने पाच वर्षे. १९५० साली त्यांनी ड्यूरँड चषकाच्या अंतिम सामन्यात कलकत्त्याच्या मोहन बागानलाही हरवले होते. फुटबॉल म्हणजे कलकत्ता, हा समज तेव्हा पक्का होता. त्याला पहिला मोठा तडा दिला तो या हवालदार-शिपायांनी. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन यांच्यासारखे या संघातले खेळाडू पुढे भारतातर्फे ऑलिंपिकला गेले.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९५० साल म्हणजे सप्टेंबर १९४८ नंतर अवघी दोन वर्षे. 'हैदराबाद' आणि 'पोलीस' हे दोन शब्द एकत्र आले, की मराठवाड्यातल्या त्या पिढीच्या मनात काय उभे राहत असेल, हे इथल्या ऐकणाऱ्यांना सांगायला नको. रझाकारांचा काळ, घरदार सोडून सरहद्दीपलीकडे काढलेले दिवस, आणि त्यानंतरच्या धामधुमीत दुसऱ्या बाजूच्या निरपराध माणसांनी सोसलेलेही. हे सगळे ताजे होते. त्याच शहरातला एक मुसलमान शिक्षक, त्याच नावाचा संघ घेऊन मुंबईला येतो, आणि कूपरेजवर लोक त्याच्या खेळाला टाळ्या देतात. एका खेळाने जुन्या जखमा भरतात असे भाबडे विधान मी करणार नाही. पण त्या वर्षांच्या इतिहासात ही नोंदसुद्धा आहे, आणि आपण ती सहसा वाचत नाही. मी कॉलेजात शिकवतो. मुक्तिसंग्रामाच्या तारखा मुलांना पाठ असतात, रहीम हे नाव मात्र दहांत एखाद्यालाच माहीत असते, तेही चित्रपटामुळे.

राष्ट्रीय संघाकडे वळू. १९५१ साली दिल्लीत पहिले आशियाई सामने झाले. रहीम प्रशिक्षक होते, शैलेन मन्ना कर्णधार. अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या गोलावर भारताने इराणला हरवून सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले, आपला एक. त्या काळी आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत. पायाला नुसती पट्टी बांधायची, बस्स. कोरड्या, टणक मैदानावर त्याचे फायदेही होते, चेंडूचा स्पर्श चांगला कळतो. पण फिनलंडच्या थंड, ओल्या हवेत आणि बूट घातलेल्या धिप्पाड गड्यांसमोर त्याचा निभाव लागला नाही. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. लहानपणापासून अनवाणी खेळलेल्याला बुटात चेंडू देणे म्हणजे हातमोजे घालून पोळी लाटण्यासारखे. रहीम यांच्यासारख्या शिक्षकांपुढचे काम त्यामुळे दुप्पट झाले.

ते काम कसे झाले, हे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकने दाखवले. यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले आणि उपांत्य फेरी गाठली. आशियातला कोणताही देश तोवर तिथे पोचला नव्हता. या सामन्यात नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल मारले. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई. नेव्हिल मूळ गोव्यातल्या आसगावचे, खेळायचे मुंबईच्या टाटांकडून. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यांचाच होता, पण मग प्रतिपक्षाने चार केले. तिसऱ्या जागेसाठी बल्गेरियाकडून हार झाली. चौथा क्रमांक! ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारताने त्यापेक्षा वरचा क्रमांक आजवर मिळवलेला नाही.

त्या काळातली एक डावपेचाची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. तेव्हा प्रत्येक बचाव करणाऱ्याला समोरचा एकेक गडी नेमून दिलेला असे. मधल्या आघाडीवाल्यावर मधला राखणदार. हंगेरीने १९५३ साली इंग्लंडला त्यांच्याच वेम्ब्ली मैदानावर ६-३ असे हरवले, ते याच मांडणीतली फट हेरून. त्यांचा मधला आघाडीवाला पुढे उभाच राहिला नाही. तो मागे सरकून खेळू लागला. आता राखणदाराने करायचे काय? त्याच्या मागे गेला तर दार उघडे पडते. दारात थांबला तर हा मोकळा राहून हवा तसा चेंडू वाटतो. मळ्याच्या राखणदाराला एका बाजूने हूल देऊन दुसऱ्या बाजूने शेरडे आत घालावीत, तसाच प्रकार. रहीमसाहेब जगातल्या खेळावर बारीक नजर ठेवून होते. मागे सरकणारा आघाडीवाला त्यांनी आपल्या संघात आणला. पुढे ब्राझीलने १९५८ साली ४-२-४ ही मांडणी जगभर गाजवली, त्या दिशेने हैदराबादचा आणि भारताचा खेळ आधीच वळला होता. परदेशी प्रवास दुर्मिळ, दूरदर्शन नाही, अशा दिवसांत एका शाळाशिक्षकाने हे जमवले, याचे मला राहून राहून कौतुक वाटते.

खेळाडू हेरण्यातही शिक्षकाचाच डोळा. तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा भागातला गरीब घरचा मुलगा. हैदराबादला रोज सरावाला यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलीचे पैसे दिले, असे पुढे बलराम स्वतः सांगत. हा मुलगा १९५६ आणि १९६० ची दोन ऑलिंपिक खेळला. शाळेतल्या एखाद्या पोराच्या एस.टी. पासचे पैसे गुपचूप भरणारे गुरुजी आपल्याकडेही आहेत. त्यांना यात विशेष काही वाटणार नाही.

१९६० साली रोमला भारताने फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली, हंगेरीशी २-१ ने झुंजून हरला. तिसरा सामना पेरूकडे गेला आणि संघ परतला. त्यानंतर आजतागायत भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला गेलेला नाही.

आता जकार्ता. १९६२ चे आशियाई सामने इंडोनेशियात होते. यजमानांनी इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. भारताचे गुरुदत्त सोंधी हे आशियाई क्रीडा संघटनेचे एक धुरीण. त्यांनी त्याला हरकत घेतली. झाले! जकार्तातले वातावरण भारताविरुद्ध पेटले. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. आपल्या पथकाला मोकळेपणाने हिंडणे-फिरणे अवघड झाले. मैदानात भारताच्या नावाने हुर्यो उडवली जाऊ लागली.

खेळाची सुरुवातही वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने दोन गोलांनी हरवले. मग थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे हरवून आपण वर आलो, पण थायलंडच्या सामन्यात जर्नेलसिंग या पंजाबी बचावपटूचे डोके फुटले आणि टाके पडले. डोक्याला जखम असलेला गडी बचावात कसा खेळवायचा? तिथे तर चेंडू सतत डोक्याने परतवावा लागतो. प्रशिक्षकाचा कस लागतो तो अशा ठिकाणी. रहीमसाहेबांनी जर्नेलला बाहेर बसवले नाही, तर उचलून थेट आघाडीला नेले! मागचा पहारेकरी पुढचा हल्लेखोर झाला. विरोधकांना हा माणूस तिथे अपेक्षितच नव्हता. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध आपण ३-२ असे जिंकलो, त्यांतला एक गोल जर्नेलचा.

४ सप्टेंबर १९६२. अंतिम सामना, समोर पुन्हा तेच दक्षिण कोरिया. प्रेक्षागारात लाखभर माणूस, आणि जवळजवळ सगळे विरुद्ध. गोलरक्षक पीटर थंगराज तापातून नुकताच उठलेला. आपल्या बाजूने ओरडणारे थोडके लोक होते, त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू होते असे आपल्या खेळाडूंनी नंतर सांगितले आहे. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी गोल केला. विसाव्या मिनिटाला दुसरा गोल झाला, आणि तो केला जर्नेलसिंगने. टाके घातलेल्या डोक्याच्या, जागा बदललेल्या जर्नेलने! कोरियाला अगदी शेवटी शेवटी एक गोल परत करता आला. भारत २-१ ने विजयी. कर्णधार चुनी गोस्वामी बंगालचे, बॅनर्जी बंगालचे, जर्नेल होशियारपूरकडचे, रामबहादूर डेहराडूनचे, फोर्तुनातो फ्रँको गोव्याच्या कोलवाळचे आणि खेळायचे मुंबईला, बलराम नि युसुफ खान रहीमसाहेबांच्या घरचे. आशियाई सामन्यांतले फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला त्यानंतर मिळालेले नाही. १९७० साली बँकॉकला कांस्यपदक मिळाले, तेव्हा कर्णधार सय्यद नईमुद्दीन होते, तेही हैदराबादचेच.

जकार्ताला रहीमसाहेब आजारी होते. फुप्फुसाचा कर्करोग आतून पोखरत होता. परत आल्यावर ते फार दिवस राहिले नाहीत. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी ते गेले. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या चमूत होते, पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाले; २०२१ साली त्यांचेही निधन झाले.

प्रशिक्षकांना दिला जाणारा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला १९८५ साली, म्हणजे रहीमसाहेब जाऊन २२ वर्षे झाल्यावर. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. आपल्या शेजारच्या गोव्यातले आर्मांदो कुलासो यांनी डेम्पो क्लबाला पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवून दिले, २०११ मध्ये काही महिने राष्ट्रीय संघही सांभाळला. त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो २०२५ च्या जानेवारीत, तोवर ते सत्तरीच्या पुढे गेले होते. शिकवणाऱ्याकडे लक्ष जायला आपल्याकडे असा वेळ लागतो.

मग प्रश्न येतो, की आमच्या शाळेने काय करावे? जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांनी गावोगाव मारुती बसवले आणि बलोपासना सांगितली. तालीम, कुस्ती, हुतूतू, खो-खो ही आपली जुनी वाट. फुटबॉल इथे नंतर आला, आणि अजून नीट रुजलेला नाही. २०१७ साली मुलांचा विश्वचषक भारतात झाला, त्या निमित्ताने सरकारने महाराष्ट्रात शाळाशाळांत फुटबॉल वाटले, एका दिवशी लाखो मुले खेळलीही. नंतर किती ठिकाणी तो चेंडू खडू-डस्टरच्या कपाटात जाऊन बसला, आणि खेळाचा तास गणिताला गेला, हे शिक्षकमंडळी मला जास्त चांगले सांगतील. चेंडू वाटणे सोपे. त्या चेंडूमागे रोज संध्याकाळी उभा राहणारा माणूस वाटता येत नाही.

ज्यांना त्या माणसाच्या वाटेला लागायचे आहे, त्यांच्यासाठी आता पायऱ्या आखलेल्या आहेत. फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षक-परवाने डी, सी, बी, ए असे चढत जातात, आणि त्यावर प्रो. डी परवान्याचा वर्ग थोड्या दिवसांचा असतो, आणि त्यासाठी तुम्ही मोठे खेळाडू असायला हवे असे नाही. हॉलंडचे जे शिक्षक मी सांगितले, तेही याच रीतीने अभ्यास करून, परीक्षा देऊन पुढे गेले.

परवाना नसला तरी रहीमसाहेबांच्या दोन्ही युक्त्या उद्यापासून करता येतात. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, म्हणून दिवाळीनंतर मैदान जरा दगड वेचून, पाणी मारून, दाबून घ्यावे. पूर्ण मैदान लागत नाही. शाळेपुढचे पटांगण चालते. दोन्ही टोकांना दोन-दोन विटा ठेवून गोल करावेत. पाच-पाच जणांचे गट, मुली आणि मुलगे एकत्र. पहिली दहा मिनिटे नियम असा, की चेंडूला दोनदाच पाय लावायचा: एकदा थांबवायला, एकदा द्यायला. तिसऱ्यांदा लागला की चेंडू समोरच्यांचा. पुढची दहा मिनिटे कच्च्या पायाची. प्रत्येकाच्या पक्क्या पायाला घोट्याजवळ रंगीत चिंधी बांधावी, म्हणजे पंचाला लांबूनही दिसते. चिंधीच्या पायाने चेंडू मारला की गोल धरायचा नाही. डावखुऱ्यांची चिंधी डाव्या पायाला. मुले हसतील, पडतील, भांडतील. पंधरा दिवस हे चालू ठेवावे आणि मगच चिंध्या सोडाव्यात.